एकशे बहात्तर कुलपांचं पितळ

माझ्या साडूंबद्दल माझ्या मनात काहीही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माणूस चांगला आहे. सगळी अडचण तिथेच आहे. साडू वाईट असला की आयुष्य सोपं होतं, निदान सासरहून परत येताना वाटेत बोलायला विषय तरी मिळतो. आमचे साडू उशिरा येत नाहीत, कुणाचं बोलणं तोडत नाहीत, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतात, आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असून जगातली प्रत्येक नवी गोष्ट माझ्याआधी शिकून मोकळे होतात. वर मला 'दादा' म्हणतात. ज्याच्यावर मनसोक्त जळावं त्यानेच आपल्याला दादा म्हणावं, याच्याइतकी मोठी गैरसोय नाही.

आता कुलपांकडे येतो.

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षं कुलपं बनवत आणि दुरुस्त करत होते. दुकान बंद केलं तेव्हा जमवलेली तीनशे बारा कुलपं त्यांनी घरी आणली आणि पुढच्या खोलीच्या चारही भिंतींवर खिळे ठोकून टांगली. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर अण्णांच्या अक्षरात नंबर, माप, साल, धातू आणि कुणाच्या दाराचं ते. त्या खोलीत बसलं की आपल्याला कुणीतरी तीनशे बारा वेळा बंद करून गेल्यासारखं वाटतं. पण अण्णांचा जीव त्यात. हल्ली त्यांना नीट दिसत नाही, तरी कुलूप बोटाने वाजवून ते धातू सांगतात. पितळ गातं आणि लोखंड बोलतं, असं त्यांचं म्हणणं.

तर या कुलपांना गावातलं संग्रहालय कायमची जागा द्यायला तयार झालं होतं. अट एकच. संग्रहालयाच्या समितीला बैठकीत बघता येईल असं एक वेब पान हवं, आणि त्यावर प्रत्येक कुलपाची स्वतंत्र नोंद हवी. बैठक अकरा दिवसांवर. ती हुकली की पुढची सहा महिन्यांनी.

"सहा महिन्यांनी ठेवतील हो काचेच्या कपाटात," अण्णा म्हणाले, "पण मला दिसायला हवीत ना."

यावर साडूंनी पिशवीतून लॅपटॉप काढला.

त्यांनी पाच कुलपांचं पान तयार करूनच आणलं होतं. न सांगता. हा त्यांचा स्वभाव. कुलपाचा फोटो, खाली नंबर, माप, साल, धातू. एकेका कुलपाची एकेक नेटकी चौकट.

"धाकटे, याला फार वेळ लागला असेल?" अण्णांनी विचारलं. ते मला 'थोरले' म्हणतात आणि साडूंना 'धाकटे'. एवढी एकच बाब आहे जिच्यात मी पुढे आहे, आणि तीही मी लग्न आधी केल्यामुळे.

"छे हो अण्णा. एका कुलपाला एक ओळ," साडू म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, जणू मला कळणारच आहे अशा आदराने, सांगायला लागले. "दादा, पानावरची वस्तू शोधायची एक खूण असते बघा. आधी घटकाचा प्रकार, मग टिंब देऊन त्याचा गट, मग हॅश देऊन त्याची स्वतःची ओळख. मी म्हटलं, ज्या खुणेने वस्तू सापडते, त्याच खुणेने ती तयार का होऊ नये? म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं, म्हणजे नाव घेतलं की ठरलेलं काम करणाऱ्या काही ओळी. नाव ठेवलं banav. त्याला नुसतं म्हणायचं, li.lokhand#k12. की बारा नंबरचं लोखंडी कुलूप पानावर हजर. बाकी माहिती ते चिठ्ठ्यांच्या यादीतून घेतं."

"अय्या, म्हणजे हाक मारली की येतं!" आमची ही म्हणाली.

तिच्या आवाजातलं ते कौतुक मी ओळखलं. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. हा आवाज तिने माझ्यासाठी एकदाच काढला होता, गच्चीवरच्या टाकीचं झाकण मी एकट्याने बसवलं तेव्हा. ते झाकण नंतर वाऱ्याने उडालं.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

हे वाक्य माझं नव्हतं, माझ्या पोटाचं होतं. पोटात दुखतं म्हणतात ते अगदी शब्दशः खरं आहे, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली. पण वाक्य तोंडातून गेलं होतं आणि खोलीत तीनशे बारा कुलपं असून माझ्या तोंडाला त्यातलं एकही नव्हतं.

"मग असं करा," न्यायी अण्णा म्हणाले. "लोखंडी एकशे बहात्तर आहेत, ती धाकट्यांकडे. पितळी एकशे चाळीस, ती थोरल्यांकडे. दोघं जावई मिळून करा. मलाही बरं वाटेल."

"दादा, माझं फंक्शन पाठवू का? तेच वापरा."

"नको," मी म्हणालो. "माझी पद्धत वेगळी आहे."

माझी कुठलीच पद्धत नव्हती. मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षं लोकांचे जन्म वहीत आणि आता संगणकात घालतो आहे. एवढ्या माणसांना अस्तित्वात आणलेल्याला एकशे चाळीस कुलपं जड जाऊ नयेत, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशीपासून मी सकाळी लवकर उठून, ऑफिसला जाण्यापूर्वी दीड तास, घरच्या जुन्या संगणकावर बसू लागलो. इंटरनेटवर शिकवणारे पुष्कळ असतात. त्यातल्या एकाकडून मी सरळ पद्धत शिकलो. सरळ म्हणजे लांब. आधी घटक तयार करा. मग त्याला गट द्या. मग ओळख द्या. मग मजकूर भरा. एका कुलपाला अशा पाच ओळी, म्हणजे एकशे चाळिसांना सातशे. साडूंना एक ओळ आणि मला पाच. हे गणित काही मला झोपू देईना.

तरी तीन कुलपं लिहिली. पान उघडलं. पान कोरं.

शेजारचे लेखापरीक्षक त्या वेळी वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हरकत काढायची सवय गेलेली नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून डोकावून सगळ्या पंधरा ओळी वाचल्या.

"घटक तयार केला म्हणता?"

"केला की. हे बघा, इथे लिहिलंय."

"तयार केल्याचा पुरावा?"

"पुरावा म्हणजे, लिहिलंय ना."

"लिहिलेलं खूप असतं हो. आमच्या वेळी एक पूल तयार झाल्याचं लिहिलेलं होतं." त्यांनी चष्मा पुसला. "वस्तू तयार केली, पण भांडारात जमा केली का? जमा केल्याची नोंद दिसत नाही मला."

आणि मेले, बरोबर होते! घटक तयार केला तरी तो पानाला जोडावा लागतो. ती सहावी ओळ. मी जन्म दिलेली तिन्ही कुलपं कुठेतरी अधांतरी लटकत होती. आमच्या कार्यालयात रोज एखादा बाप येऊन म्हणतो, "साहेब, मूल झालंय," आणि मी त्याला ऐकवतो, "झालं असेल, नोंदलंय का?" तोच मी. मला इतका अपमान वाटला की मी लेखापरीक्षकांना चहासुद्धा विचारला नाही. ते स्वतःच बसले आणि म्हणाले, साखर कमी.

आता सहा ओळी झाल्या. आठशे चाळीस. तेव्हा मी ठरवलं, आपणही खुणेवरून घटक बनवणारं स्वतःचं फंक्शन लिहायचं. साडूंचं बघून नाही. स्वतःच्या डोक्याने.

तीन सकाळी गेल्या आणि ते झालं. टिंबावर वाक्य तोडायचं, हॅशवर तोडायचं, तुकडे ज्याचे त्याला द्यायचे. पहिलं पितळी कुलूप एका ओळीत पानावर उगवलं तेव्हा मी हिला स्वयंपाकघरातून ओढत आणलं.

"बघ. एका ओळीत!"

"अरे वा," ती म्हणाली. "अगदी त्यांच्यासारखं."

त्यांच्यासारखं. शाबासकी द्यावी तर अशी.

पण माझ्या पानावर त्यांच्यापेक्षा काहीतरी जास्त हवं होतं. म्हणून मी प्रत्येक कुलपाच्या ओळखीत अण्णांच्या चिठ्ठीवरचं मापही घातलं. अडीच इंची कुलूप म्हणजे #p4-2.5. पान उघडलं तर निम्मी कुलपं भलत्याच रंगाची. कारण उघड होतं, पण ते उघड व्हायला मला शुक्रवार उजाडला. दोन टिंब पाच मधलं टिंब माझ्या फंक्शनला गटाचं टिंब वाटत होतं. अडीच इंचाचं कुलूप 'पाच' नावाच्या एका अज्ञात गटात जाऊन बसत होतं. मी त्याला एकदा मोठ्याने म्हणालोसुद्धा, "अरे, अडीच कळत नाही तुला?" हिने आतून विचारलं, कुणाशी बोलताय.

ते निस्तरावं तर टिंबाचं बटणच रुसलं. जुना कीबोर्ड, एकदा दाबलं की दोन टिंबं उमटायची. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यात भेटले, त्यांना सहज बोललो. चूक तिथे झाली. ते दवाखान्यात जाण्याआधी पिशवी घेऊनच वर आले.

"वरवर कोरून उपयोग नाही," बटणाकडे वाकून बघत ते म्हणाले. "मुळापासून काढावं लागेल."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी चिमटा लावला होता. टिंब निघालं. खाली बिस्किटाचा चुरा होता. त्यांनी तो साफ केला, फुंकर मारली, बटण परत बसवलं आणि मला म्हणाले, "दोन तास याच्यावर काही जड देऊ नका." बटण नीट चालायला लागलं, फक्त शेजारच्या बटणांपेक्षा थोडं उंच राहिलं. बोट त्याच्यावर अडखळायचं आणि नको तिथे टिंब पडायचं. आता प्रत्येक ओळ लिहिल्यावर तीत टिंबं निवडत बसायचं, तांदळातले खडे निवडावेत तसं.

शनिवारी साडूंचा फोन आला. "दादा, माझं लोखंडी झालं. तुमचं कुठवर? काही लागलं तर सांगा हं." आणि त्यांनी त्यांच्या पानाचा पत्ता पाठवला.

मी बघणार नव्हतो. खरंच नव्हतो. दाढी केली, आंघोळ केली, वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचल्या. मग बघितलं.

एकशे बहात्तर कुलपं. राखाडी, देखणी, रांगेत. एखाद्या कुलपावर बोट नेलं की त्याची कडी हळूच वर व्हायची, उघडल्यासारखी. हे माझ्या जिव्हारी लागलं. कडी वर करायची काय गरज होती? समितीने मागितली होती का कडी? मी ते पान बघत बसलो आणि एकेक कुलूप उघडत गेलो, एक दोन नाही, अठ्ठ्याऐंशी. मग थांबलो, कारण हिने मागून विचारलं, "किती छान ना?"

आता पुढचं सांगताना मान खाली जाते, पण सांगतो. वेब पानाच्या आतला मजकूर कुणालाही बघता येतो. त्यात बेकायदेशीर काही नाही. मी तो बघितला. त्यांचं banav तिथेच होतं, अठरा ओळींचं. त्यात टिंबही नीट धरलेलं, मापही वेगळं ठेवलेलं, कडीसुद्धा. मी ते उचललं आणि माझ्या फाइलमध्ये आणून टाकलं.

चोरी करणाऱ्याने निदान माल ओळखू येणार नाही इतकं तरी करावं. मी आतल्या सगळ्या शब्दांची नावं बदलली. दोन ओळी वरच्या खाली केल्या. एक तुकडा मला कळतच नव्हता, गटाचं नाव बघून त्यावरून धातू ठरवण्याचा काहीतरी प्रकार होता. तो मी काढून टाकला. माझी सगळी कुलपं पितळीच होती, मग ठरवायचं काय? त्या जागी सरळ लिहिलं, धातू: पितळ, रंग: पिवळा. कुणीही आलं तरी पितळ. एवढा कारभार केला, पण फंक्शनचं नाव बदलायचं राहिलं. पोत्यातले दाणे पाखडून, निवडून घेतले आणि पोत्यावरचं मालकाचं नाव तसंच ठेवलं.

एका तासात माझी एकशे चाळीस कुलपं तयार झाली. कड्या वर होत होत्या. मी हिला हाक मारली नाही. का कोण जाणे, मारावीशी वाटली नाही.

बुधवारी फाइली संग्रहालयाच्या संगणक विभागात द्यायच्या होत्या. संगणक विभाग म्हणजे एक खिडकी, आणि खिडकीत एक गृहस्थ. त्यांनी अर्ज दिला. अर्जात विचारलं होतं की फाइली दोन असल्यास पानावर कोणती आधी घ्यायची आणि कोणती नंतर.

"काय फरक पडतो?" मी विचारलं.

"दोघांत वाद झाला तर नंतरच्याचं चालतं," ते न बघताच म्हणाले.

बावीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं कळलं आहे की कागदावर शेवटची सही ज्याची, त्याचं खरं. साडूंनी फोनवर सांगितलंच होतं, "दादा, क्रम तुम्हीच ठरवा." मी साडूंची फाइल आधी लिहिली आणि माझी शेवटी. अर्ज दोनदा परत आला. एकदा शाई निळी होती म्हणून, आणि एकदा 'घटकांची संख्या' या रकान्यात मी आकडा लिहिला पण अक्षरी लिहिला नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी शिक्का मारला. तो शिक्का बसतानाचा आवाज मला फार गोड वाटला.

दोन्ही फाइली एकत्र चालवून बघाव्यात, हे मला सुचलं नाही. साडूंना सुचलं होतं. मीच म्हणालो होतो, "काही गरज नाही, मी बघून घेतो."

गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा काढली. संग्रहालयाच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा. समितीचे तीन सदस्य, आणि संग्रहाच्या प्रमुख बाई, केस आखूड कापलेल्या, कमी बोलणाऱ्या. आमच्याकडून अण्णा, त्यांच्या दोन्ही मुली आणि आम्ही दोघं. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याच्या खिशात एक छोटं कुलूप होतं. कशाला, विचारलं तर म्हणाले, असू दे.

पान उघडलं. दोन्ही फाइलींनी पान पूर्ण उघडेपर्यंत थांबायचं आणि मग कामाला लागायचं, असं होतं. कुलपं एकामागून एक उगवायला लागली. आधी साडूंची. एक, दोन, दहा, पन्नास.

सगळी पिवळी.

प्रमुख बाईंनी चष्मा लावला. "अण्णा, अर्जात तुम्ही एकशे बहात्तर लोखंडी लिहिली आहेत. इथे तर सगळी पितळी दिसताहेत."

"नऊ नंबर बघा," एक सदस्य म्हणाले. ते पूर्वी कारखान्यात होते. "फोटोत गंज चढलेला स्वच्छ दिसतोय, आणि खाली लिहिलंय पितळ. पितळ कधीपासून गंजायला लागलं?"

साडू उभे राहिले. त्यांचा चेहरा मी आठ वर्षं बघतो आहे, त्यावर असा रंग कधी बघितला नव्हता. "घरी बरोबर होतं हो," ते म्हणाले. असंच 'मघाशी बरोबर होतं हो' मी त्या आठवड्यात शेजाऱ्यांना किती वेळा ऐकवलं होतं, आणि ते इतकं खोटं वाटतं हे मला तेव्हा कळलं.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मेहुणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, मान खाली घातली. आमची ही माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "तुमच्याकडे द्यायला हवी होती सगळी."

मी खोटं सांगणार नाही. मला फार बरं वाटलं. डाव्या बरगडीखालचं दुखणं आठ वर्षांनी प्रथम थांबलं. मी खुर्चीत मागे टेकलो. पाणी प्यायलो. काय झालं असेल ते मला अजून कळलेलं नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. साडू चुकले होते. भर सभेत, मोठ्या पडद्यावर, एकशे बहात्तर वेळा.

मग माझी कुलपं उगवली, तीही पिवळीच. पिवळ्यात पिवळी मिसळली, आणि ती रांग वरपासून खालपर्यंत एकसारखी दिसली तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. एकाच नावाची दोन फंक्शनं. वाद झाला तर नंतरच्याचं चालतं. साडूंची प्रत्येक हाक माझ्याकडे येत होती, आणि कुणीही आलं तरी मी पितळच म्हणत होतो.

तरीसुद्धा मी गप्प बसलो. कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात अण्णा उठले. काठी न घेता, टेबलाला धरत धरत ते पडद्याजवळ गेले आणि नाक टेकेल इतक्या जवळून नऊ नंबरच्या कुलपाकडे बघायला लागले. बराच वेळ. मग मागे वळले.

"बाई, धाकट्यांना बोलू नका," ते म्हणाले. "चिठ्ठ्या मी लिहिल्या आहेत. मला हल्ली दिसत नाही. लोखंडाच्या जागी पितळ माझ्याच हातून लिहिलं गेलं असेल. चूक माझी आहे."

प्रमुख बाईंचा आवाज मऊ झाला. "मग अण्णा, सगळ्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतील. पुढच्या बैठकीत घेऊ या. सहा महिन्यांत." आणि त्यांनी समोरच्या कागदावर लिहायला पेन उघडलं.

"चिठ्ठ्या बरोबर आहेत!" कुणीतरी ओरडलं.

तो मी होतो. उभा राहताना खुर्ची मागे पडली आणि तिचा केवढातरी आवाज झाला, त्यामुळे माझी कबुली सगळ्यांनी एकदम लक्ष देऊन ऐकली.

"अण्णांची चूक नाही. धाकट्यांचीही नाही. मी त्यांचं फंक्शन उचललं. न विचारता. त्यातला धातू ठरवायचा भाग मला कळला नाही म्हणून काढला आणि सगळ्यांना पितळ लिहिलं. नाव बदललं नाही, आणि माझी फाइल शेवटी लावली, माझं चालावं म्हणून."

पितळ उघडं पडणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीत, त्या पिवळ्या पडद्यासमोर समजलं. आमची ही माझ्याकडे बघत होती. बघत होती म्हणजे नुसती बघत होती.

"उचललं म्हणजे?" कारखान्यातल्या सदस्यांनी विचारलं. त्यांना सगळं नीट कळायला हवं होतं.

"चोरलं," मी म्हणालो.

साडूंनी पडद्याला जोडलेला संगणक जवळ ओढला आणि आधी स्वतःची फाइल उघडली, ताडून बघायला. तिथे banav च्या डोक्यावर दोन करड्या ओळी होत्या. अशा ओळी संगणक वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. त्या दिवशी चोरी करताना मीही त्या वाचल्या नव्हत्या, सरळ खालून उचललं होतं. आता त्या भिंतीएवढ्या मोठ्या होत्या, आणि खोलीतल्या प्रत्येकाने त्या वाचल्या.

'दादा, हे तुमच्यासाठीच इथे ठेवलं आहे. पितळही यात धरलं आहे, काही बदलावं लागणार नाही.'



मग साडूंनी माझी फाइल उघडली, माझ्या त्या अठरा ओळी निवडल्या आणि पुसल्या. बस. पान पुन्हा उघडलं. एकशे बहात्तर राखाडी, एकशे चाळीस पिवळी, जिथली तिथे. माझं योगदान वजा केल्याबरोबर काम पूर्ण झालं.

"दादांच्या ओळी बाकी अगदी बरोबर आहेत," साडू समितीला म्हणाले. "एकशे चाळीस खुणांत एक टिंब चुकलेलं नाही. मला नसतं जमलं."

ते खरं होतं. खडे मी खरोखरच निवडले होते. पण ते त्यांनी सांगायला नको होतं.

अण्णांनी खिशातलं छोटं कुलूप काढलं, टेबलावर ठेवलं आणि बोटाने टकटक केलं. "हे लोखंड," ते प्रमुख बाईंना म्हणाले. "डोळे गेले तरी हे चुकणार नाही माझं." बाईंनी स्वतः ते वाजवून बघितलं, कान जवळ नेऊन. मग त्यांनी त्या कागदावर मगाशी लिहायला घेतलेलं खोडलं आणि दुसरं लिहिलं. पुढच्या महिन्यात कपाटं तयार होणार होती. अण्णांनी विचारलं, काच किती जाड आणि जवळ जाऊन बघता येईल ना. बाई म्हणाल्या, तुम्हाला आम्ही किल्लीच देऊ.

घरी जाताना ही माझ्या पुढे दोन पावलं चालत होती. मग म्हणाली, "खुर्ची पाडायची गरज नव्हती." आणि थोड्या वेळाने, "पण बोललात ते बरं केलंत." यात कौतुक किती होतं ते मी मोजत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजच्या त्या दीड तासात, मी साडूंना पत्र लिहायला बसलो. माफीचं. असलं पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पहिल्या मसुद्यात 'सदर प्रकरणी' आलं, तो फाडला. दुसऱ्यात मी त्यांना थोडं रागावलोच होतो. चौथा हिला दाखवला, तिने एक ओळ ठेवली आणि बाकी काढायला लावलं. सहाव्या मसुद्यात मी सरळ लिहिलं की मी तुमच्यावर जळतो, पहिल्या दिवसापासून जळतो, माझं चुकलं, आणि तुम्ही मला दादा म्हणता ते मला शोभेल असं यापुढे वागेन. डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं. ऑफिसला निघण्याआधी पाठवलं.

एका मिनिटात उत्तर आलं. माझ्यापेक्षा छान लिहिलं होतं.